बातमीले धनी पाहिजे : पेपर, मोबाईल अन् तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी फक्त एवढंच विचारलं होतं की तुमच्या घरी अजून पेपर येतो का की बातम्या आता मोबाईलवरच पाहता. त्याच्यावर एवढी पत्रं आली की दोन रात्री वाचतच बसलो. काही व्हॉट्सअ‍ॅपवर आली, काही पोस्टानं, एका काकांनी तर वहीचे चार पानं भरून लिहिलं. मी स्वतः बावीस वर्षं तालुक्याच्या गावी पेपरची एजन्सी चालवली अन् सोबत वार्ताहरकी केली, त्यामुळं हा विषय माझ्यासाठी घरचाच आहे. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सहा पत्रं निवडली.

"भाऊ, माह्या घरी तीस वर्षांपासून पेपर येते. आता पोरगं म्हणते बाबा बंद करा, महिन्याचे दोनशे रुपये फुकट जाते, सारं मोबाईलवर दिसते. मले पेपर वाचल्याबिगर चहा गोड लागत नाही, पण पोराचंही चुकीचं वाटत नाही. काय करू?"
— एक कास्तकार, दारव्हा तालुका

दादा, पोरगं चुकीचं बोलत नाहीच, पण अर्धंच बोलून राहिलं.

आधी त्याची बाजू घेतो. बाजारभाव पाहायचा असंल तर मोबाईलच पाहा, पेपरात छापून येणारा भाव कालचा असतो अन् पणन मंडळाच्या वेबसाईटवर बाजार समितीनिहाय आवक अन् दर रोजच्या रोज दिसतात, गाडी भरायच्या आधी यवतमाळ पाहा, दिग्रस पाहा, मग ठरवा. विजेचंही तसंच. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानाच्या संस्थेनं दामिनी नावाचं अ‍ॅप काढलं आहे, ते आपल्या आजूबाजूला वीस अन् चाळीस किलोमीटरच्या घेऱ्यात वीज पडायची शक्यता असली की इशारा देते. वावरात डवरणी सुरू आहे अन् आभाळ काळं झालं तर त्या वेळी उद्याचा पेपर काय कामाचा? आपल्याकडं दरवर्षी झाडाखाली उभे राहून माणसं जातात, म्हणून हे अ‍ॅप पोराला आजच टाकायला सांगा, माझी विनंती समजा.

आता दुसरी बाजू. २०२५ चा ऑगस्ट आठवा. सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हटलं अन् मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. ही बातमी मोबाईलवर लगेच आली, खरीच होती, पण तिच्यासोबत जे व्हिडिओ फिरले त्यात कोणी म्हणे कापूस पडला, कोणी म्हणे आता हमीभावच बंद होणार, अन् पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, तर तेव्हा पात्या-फुलावर होती, विकायला कोणाजवळ काही नव्हतंच. माझ्या ओळखीचा एक जण तीन रात्री झोपला नाही. पेपरात तेच दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, उशिरा आलं, पण शुल्क किती, कोणत्या तारखेपर्यंत, गिरण्यांना हे कशासाठी पाहिजे होतं, कास्तकारांच्या संघटना काय म्हणतात हे एका जागी होतं, अन् लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये हा आधीच जाहीर झालेला आहे हेही होतं. चिंता तर ते वाचूनही झाली, पण कशाची चिंता करायची ते कळलं.

अन् एक गोष्ट मी कधीच विसरू देणार नाही, ती म्हणजे जाहीर नोटीस. आतल्या पानावर खाली बारीक टायपात चौकटी असतात ना, वकिलाचं नाव, मौजा, गट नंबर, आराजी, चतुःसीमा, अन् शेवटी "सात दिवसांच्या आत लेखी हरकत घ्यावी", त्या. तिथं लोक पाहतच नाहीत. माझ्याकडं एक बाई एकदा पेपर घ्यायला म्हणून नाही, पोराच्या वहीला कव्हर घालायला जुना पेपर मागायला आली होती. कव्हर घालता घालता तिच्या नवऱ्याला आपल्याच वावराचा गट नंबर दिसला, भाऊबंदातल्या एकानं सामाईक जमीन विकायला काढली होती अन् मुदतीचे दोन दिवस उरले होते. त्यांनी हरकत घेतली. ती चौकट मोबाईलवर कोणी फॉरवर्ड करत नाही, कारण ती फक्त एकाच घराच्या कामाची असते. भूसंपादनाचंही तेच, २०१३ च्या कायद्यात लिहिलं आहे की प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत छापावी लागते, त्यातलं एक तिथल्या भाषेतलं पाहिजे, अन् हरकतीला ६० दिवस मिळतात. ग्रामपंचायतीत अन् वेबसाईटवरही लावतात म्हणा, पण साठ दिवसात आपण वेबसाईट उघडून किती वेळा पाहतो?

अजून एक सांगू का. पेपर आला की पारावर त्याचे पानं वेगळे होतात, एकजण खेळाचं घेतो, एकजण जिल्ह्याचं, ज्याला वाचता येत नाही तो ऐकतो, अन् मधेच कोणीतरी म्हणतो "हे खोटं हाय, मी होतो ना तेथं." मोबाईलवर प्रत्येकाला त्यानं आधी जे पाहिलं त्याच्यासारखंच पुढं दाखवते. तुमच्या मोबाईलवर तुरीचे भाव, पोराच्या मोबाईलवर पोलीस भरती, सुनेच्या मोबाईलवर लाडकी बहीण, अन् गावातली नळयोजना कुठं अडली ते तिघांच्याही मोबाईलवर नाही.

तर पेपर बंद करू नका. दोनशे रुपये जड जात असतील तर शेजाऱ्यासोबत अर्धे-अर्धे करा, सकाळी तुमच्याकडं, दुपारी त्याच्याकडं. अन् पोराला सांगा, रोज जाहीर नोटिशीचं पान तू पाहायचं.

"रात्रीची मॅच भारत जिंकला, मी मोबाईलवर शेवटच्या बॉलपर्यंत पाहिली, अन् सकाळच्या पेपरात लिहून की सामना रंगात. नागपुरात माझ्या मामाच्या त्याच पेपरात पूर्ण निकाल होता. खेड्यातल्या लोकांना शिळा पेपर विकतात का?"
— अकरावीतला विद्यार्थी, तिवसा तालुका

शिळा नाही बेटा, लवकर निघालेला. त्याला डाक आवृत्ती म्हणतात. पेपर नागपूर, अमरावती, अकोला अशा ठिकाणी छापतात, अन् ज्या गाडीला जास्त दूर जायचं तिचे गठ्ठे आधी छापून बांधावे लागतात, म्हणजे सिरोंच्याकडं जाणाऱ्या पेपराची पानं संध्याकाळीच लावून होतात अन् शहरातल्या पेपराची पानं मध्यरात्रीपर्यंत उघडी राहतात. मॅच रात्री अकरा-साडेअकराला संपते, तोवर तुझ्या गावच्या पेपराची शाई सुकलेली असते. पहिल्या पानावर कोपऱ्यात कधी कधी आवृत्तीचं नाव असतं, मामाच्या पेपरसोबत जुळवून पाहा, मजकूरही वेगळा दिसंल. तुझ्या पेपरात तुझ्या तालुक्याच्या बातम्या जास्त असतील, मामाला त्या भेटणार नाहीत.

मॅच मोबाईलवरच पाहत जा, त्यात काही चूक नाही.

"मी पोलीस भरती अन् सरळसेवेची तयारी करते. चालू घडामोडीसाठी दिवसभर मोबाईलवर वाचते, टेलिग्रामवर पेपरचे पीडीएफ पण येतात, पण टेस्टमधे काहीच आठवत नाही. मैत्रीण म्हणते कागदावर वाच. खरंच फरक पडतो की मनाचे खेळ?"
— चिखली तालुक्यातली एक मुलगी

ताई, मनाचे खेळ नाहीत. २०१८ मधे संशोधकांनी जगभरातले ५४ अभ्यास एकत्र करून तपासले, त्यात एक लाख सत्तर हजाराच्या वर लोकांचे निकाल होते, अन् कागदावर वाचलेलं थोडं जास्त समजतं असं निघालं. हा फरक माहितीपर मजकुराला दिसला, गोष्टी-कादंबऱ्यांना नाही, अन् वेळ बांधून वाचायला लावलं की तो जास्त दिसला. तुझं वाचन माहितीपरच आहे अन् घड्याळ लावूनच आहे, म्हणजे तुला हे लागू पडते.

कारण मी माझ्या समजुतीनं सांगतो. कागदावरच्या बातमीला जागा असते. डाव्या पानावर वर, फोटोच्या बाजूला, घडीच्या खाली, अशी ती डोळ्यात बसते अन् परीक्षेत ती जागा आधी आठवते, मग मजकूर. मोबाईलवर सगळ्या बातम्या एकाच जागेवरून वर सरकत जातात. वरून मधे मधे मेसेज पडतात, रीचार्ज संपल्याची पट्टी येते, मैत्रिणीचं स्टेटस येते.

माझं म्हणणं असं की सकाळी एक तास कागदाचा पेपर, फक्त एक, चार नाही. हातात पेन. वाचून झालं की पेपर उलटा ठेवायचा अन् वहीत न पाहता दहा ओळी लिहायच्या, आठवलं नाही ते मग उघडून पाहायचं. महत्त्वाचं कापून कात्रण वहीत चिकटवायचं, कात्रणावर तारीख लिहायला विसरायचं नाही, मी शेकडो कात्रणं बिनतारखेची ठेवली अन् ती आता कोणत्याच कामाची नाहीत. मोबाईल संध्याकाळी, तोही सरकारी जीआर पाहायला, जाहिरातीची शेवटची तारीख तपासायला, आकाशवाणीचं मराठी बातमीपत्र ऐकायला. अन् ते टेलिग्रामवरचे पीडीएफ सोडून दे. एक तर ते चोरून टाकलेले असतात, ज्यानं रात्र जागून बातमी केली त्याच्या पोटावर पाय येतो, दुसरं म्हणजे कोणी मधलं एखादं पान बदललं तर तुला कळणार नाही. वाचनालयात जा, गावात नसंल तर चिखलीला आहे, तिथं चार पेपर एका टेबलावर भेटतात अन् चार अभ्यास करणारे पोरंपोरीही भेटतात.

"आमच्या गावातल्या एका बाईला लाडकी बहीणची केवायसी करा म्हणून लिंक आली, तिनं आधार, बँक सगळं भरलं, अन् खात्यातले चार हजार गेले. तिला ती लिंक नणंदेनं पाठवली होती, नणंदेला दुसऱ्या कोणी. आता बाया मला विचारतात की ताई, खरं कोणतं अन् खोटं कोणतं. मी काय सांगू?"
— अंगणवाडी सेविका, मूल तालुका

ताई, तुमचं पत्र वाचून लई वाईट वाटलं. चार हजार म्हणजे किती दिवसांची मजुरी आहे हे तुम्हाला-मला माहीत आहे.

आधी पैशाचं. असं कोणासोबत झालं की रडत बसायच्या आधी १९३० हा नंबर लावायचा, हा सायबर फसवणुकीसाठी पूर्ण देशाचा एकच नंबर आहे. जेवढ्या लवकर फोन जाईल तेवढी पैसे पुढच्या खात्यात अडकवून ठेवता येण्याची आशा असते, एक दिवस गेला की चोर ते काढून मोकळा होतो. हा नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर खडूनं मोठा लिहून ठेवा, लसीकरणाच्या तारखेच्या बाजूलाच.

आता खऱ्या-खोट्याचं. बायांना तीनच गोष्टी सांगा, जास्त सांगाल तर एकही लक्षात राहणार नाही. पहिली म्हणजे राज्य सरकारच्या वेबसाईटचा शेवट जीओव्ही डॉट इन असा होतो, लाडकी बहीणची पण तशीच आहे, आधी कितीही सुंदर नाव असो, शेवट पाहायचा. दुसरी म्हणजे मोबाईलवर एपीके नावाची, म्हणजे अ‍ॅप टाकायची, फाईल आली, पीएम किसान लिहिलेली असो की बँकेचं नाव असो की लग्नाची पत्रिका असो, तिच्यावर बोट ठेवायचं नाही, ती उघडली की मोबाईल दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकते. तिसरी म्हणजे मेसेजच्या वर दोन बाण दिसले तर समजायचं की हा मेसेज लई हातांतून फिरून आला आहे, अन् तो नणंदेनं लिहिलेला नाही. नणंदेचं नाव दिसते म्हणून विश्वास बसते ना, तिथंच तर घात होतो. बातमी नणंदेची नसते, नणंद फक्त पोस्टमन असते.

व्हॉट्सअ‍ॅपनं हे बाण अन् फॉरवर्डची मर्यादा उगाच नाही आणली. १ जुलै २०१८ चा दिवस होता, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावात रविवारचा बाजार होता, अन् मुलं पळवणारी टोळी आली अशी अफवा तिकडं मोबाईलवर फिरून राहिली होती. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं आले होते, मंगळवेढ्याकडचे. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीत कोंडून मारून टाकलं. पाचही निर्दोष होते. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आली, अन् २०२० मधे त्या दोन बाणवाल्या मेसेजला एकाच ठिकाणची मर्यादा लागली. आपल्या गावातही डमरू वाजवत, नंदीबैल घेऊन, पिंगळा म्हणून लोक येतात, आपली आजी त्यांना सुपात दाणे घालायची. तसा मेसेज कोणाला आला तर त्या बाईनं आधी तुमच्याकडं यावं, पोलीस पाटलाकडं जावं, दुसऱ्याला पाठवू नये, हे बैठकीत प्रत्येक महिन्याला सांगा, एकदा सांगून होत नाही.

"आमच्याकडं एक जण माईक घेऊन फिरतो, यूट्यूबचा चॅनेल आहे म्हणतो, गळ्यात प्रेसचं कार्ड. माझ्या राशन दुकानाचा व्हिडिओ काढला अन् पंधरा हजार द्या नाही तर टाकतो म्हणाला. दिले नाही तर खरंच टाकला, गावभर बदनामी झाली. पेपरवाल्यावर तक्रार करता येते असं ऐकलं, याच्यावर कुठं करायची?"
— एक वाचक, वाशीम जिल्हा

दादा, पैसे मागितले तो दिवस बातमीचा नव्हताच, ती खंडणी झाली. त्याच्यासाठी पत्रकारितेची कोणती समिती शोधू नका, सरळ पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, कॉल रेकॉर्डिंग, मेसेज, साक्षीदार जे असंल ते जोडा. गळ्यातल्या कार्डाला घाबरायचं काही कारण नाही, असं कार्ड दुकानात छापून भेटते.

पण तुमच्या प्रश्नात खरी गोष्ट पुढं आहे, ती मला जरा सविस्तर सांगू द्या.

आपल्या देशात १८६७ साली कायदा झाला, इंग्रजांनी केला, त्यांना पेपरवाल्यांवर नजर ठेवायची होती म्हणून केला, पण त्यातलं एक कलम आपल्या लई कामाचं निघालं. प्रत्येक पेपरवर मुद्रक कोण, प्रकाशक कोण, कुठं छापला, हे नाव-गावासकट छापायचं, अन् संपादक कोण तेही. आज तुमच्या हातातला पेपर उलटा करून शेवटच्या पानाच्या तळाला पाहा, मुंगीएवढ्या अक्षरात ती ओळ आहे. २०२३ मधे त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला, १ मार्च २०२४ पासून लागूही झाला, पण पेपरला नोंदणी पाहिजे हे कायम आहे. म्हणजे बातमीला धनी आहे. त्याला पत्ता आहे.

त्या ओळीची किंमत मला कळली ती एका दिवसानं. मी तेव्हा नवा वार्ताहर होतो, सेवा सोसायटीच्या थकबाकीदारांची यादी हाती लागली अन् मी त्यातली मोठी नावं बातमीत लिहिली. एका गावात एकाच नाव-आडनावाचे दोघं होते, बापाचं नाव तेवढं वेगळं. मी बापाचं नाव लिहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, मी पुरवण्या भरत बसलो होतो, हात शाईनं काळे, अन् ज्यानं कर्ज कवडीकवडीनं फेडलं होतं तो माणूस सायकलवरून आला. ओरडला नाही. पेपरची चौघडी माझ्यासमोर ठेवली, बातमीतल्या आपल्या नावावर बोट ठेवलं अन् म्हणाला, "माह्या पोरीची सोयरीक चालू हाय." एवढंच. मला आजही त्या बोटाचं नख आठवते, कापूस वेचून वेचून चिरलेलं. मी तसाच उठलो, जिल्हा कार्यालयाला फोन लावला, त्यांच्या शिव्या खाल्ल्या, अन् दुसऱ्या दिवशी त्याच पानावर खुलासा छापून आला, बापाच्या नावासकट, अन् मी तो पेपर घेऊन पाहुण्यांच्या गावाला त्याच्यासोबत गेलो.

तो माणूस माझ्यापर्यंत येऊ शकला कारण बातमी कोणी दिली हे गावाला माहीत होतं. मोबाईलवर फिरणाऱ्या शंभरातल्या नव्वद गोष्टींना तो दरवाजाच नाही, कुठं बोट ठेवणार?

पेपरवर तक्रार करायची असंल तर आधी संपादकाला लेखी पत्र, त्यानं ऐकलं नाही तर भारतीय प्रेस कौन्सिल. दैनिक अन् साप्ताहिकासाठी बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत तक्रार जायला पाहिजे, ही मुदत लोक चुकवतात. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताशेरे मारते, तंबी देते, पण संपादकाला उत्तर द्यावं लागते. यूट्यूबचा चॅनेल कौन्सिलच्या कक्षेत येत नाही. ऑनलाईन बातम्या देणाऱ्यांसाठी २०२१ चे आयटी नियम आहेत, त्यांनी तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव अन् संपर्क वेबसाईटवर टाकायचा अन् पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा. तुमच्या त्या माईकवाल्यानं असा अधिकारी नेमला असंल असं मला वाटत नाही, पण लेखी मागणी करून ठेवा, पोलिसांत दाखवायला कामी येईल. यूट्यूबवर त्या व्हिडिओखाली रिपोर्ट करायची सोय आहे तीही करा.

अन् सगळ्याच यूट्यूबवाल्यांना एका मापानं मोजू नका बरं. आपल्याकडं काही पोरं स्वतःच्या पैशानं पेट्रोल टाकून पांदण रस्त्याच्या, दवाखान्यात डॉक्टर नसल्याच्या बातम्या करतात, जिथं आता पेपरचा वार्ताहर जात नाही तिथं जातात. तसं पाहिलं तर जाहिरातीसाठी बातमी दाबणारे पेपरवालेही मी पाहिले आहेत. म्हणून कागद की काच हे नंतर पाहा, आधी पाहा की खाली नाव-पत्ता आहे का, अन् चुकलं तर तो माणूस चूक छापतो का.

याच विषयातलं एक छोटं. दोन-तीन वाचकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पेपरच्या कात्रणाचे फोटो पाठवून विचारलं की हे खरं का. कात्रण दिसलं की लोकांना वाटते छापून आलं म्हणजे खरं, पण आता कोणत्याही मजकुराचं कात्रण मोबाईलवर दोन मिनिटांत बनवता येते. पाहायचं असं की वर तारीख अन् पेपरचं नाव आहे का, बातमीच्या सुरुवातीला गावाचं नाव अन् वार्ताहर लिहिलेलं आहे का, अक्षर रोजच्या पेपरसारखं आहे का, अन् मग त्या पेपरच्या ई-पेपरवर त्या तारखेची आपल्या जिल्ह्याची आवृत्ती उघडून तेच पान शोधायचं. सापडलं नाही तर तिथंच थांबवायचं, पुढं पाठवायचं नाही.

"माझं वय अठ्ठ्याहत्तर. गावात एजंट होता तोवर पेपर येत होता, लॉकडाऊनमधे बंद पडला तो पडलाच, एजंट पुण्याले कंपनीत गेला. नातू मोबाईलवर लावून देते पण अक्षर लहान, बोट लागलं की दुसरंच उघडते, मधे बायांचे नाच येते. चार-पाच जणाले पेपर पाहिजे हाय. कसा सुरू होईल?"
— निवृत्त शिक्षक, धारणी तालुका

गुरुजी, नमस्कार. तुमच्या पत्रातलं अक्षर पाहूनच कळलं की तुम्ही शिक्षक होते.

लॉकडाऊननं जे केलं ते मी जवळून पाहिलं. एप्रिल २०२० मधे राज्यात घरोघरी पेपर टाकायलाच काही दिवस बंदी होती, एसटी बंद, हॉटेलं बंद, अन् खेड्यात ज्याची सवय एकदा तुटली ती वापस आली नाही. गावोगाव एजंटांनी हिशोब पाहिला, पहाटे साडेचारला उठून, पावसात प्लॅस्टिक गुंडाळून, महिन्याच्या शेवटी दारोदार बिलासाठी फिरून हाती काय उरते, अन् सोडून दिलं. मीही त्यातलाच एक, माझी एजन्सी मी २०२१ मधे बंद केली. त्यामुळं तुमच्या गावातल्या त्या पोराला मी नावं ठेवू शकत नाही.

आता सुरू कसा होईल ते सांगतो. चार-पाच प्रतींसाठी कोणी गाडी थांबवत नाही, दहा-पंधरा झाल्या तर थांबवते. तेव्हा आधी यादी करा, तुम्ही पाच, ग्रामपंचायतीची एक, शाळेची एक, आश्रमशाळा असंल तर तिची, आरोग्य उपकेंद्राची, पानठेल्यावाल्याची, हॉटेलवाल्याची. हॉटेलवाल्याला सांगा पेपर ठेवला की गिऱ्हाईक दहा मिनिटं जास्त बसते अन् दुसरा चहा घेते, हे मी खात्रीनं सांगतो. मग धारणीच्या एजंटाला भेटा, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ देतो म्हणा, एजंटाला सगळ्यात मोठा त्रास वसुलीचा असतो, आगाऊ पैसे ऐकले की तो ऐकून घेतो. गठ्ठा गावापर्यंत आणायला पहिली एसटी, काळीपिवळी नाही तर दूधगाडी, जी सकाळी तुमच्याकडं येत असंल ती, त्याला महिन्याचं काही ठरवून द्या. अन् वाटायला शाळेतला एखादा मोठा पोरगा नको, त्याची शाळा बुडते, त्यापेक्षा गठ्ठा एकाच जागी उतरवा अन् ज्यानं त्यानं येऊन न्यावा.

गावात सार्वजनिक वाचनालय असंल, बंद पडलेलं का असेना, तर त्याचे कागद शोधा. राज्याच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, ड वर्गाच्या लहान वाचनालयालाही अनुदान मिळते अन् त्यात पेपर बसतात. अनुदान कमी आहे, वेळेवर येत नाही, ही तक्रार सगळीकडं आहे अन् खरी आहे, तरी कागद जिवंत ठेवलेले बरे. अमरावतीला जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याचं कार्यालय आहे, तिथं नातवाला पाठवा.

तोवर नातवाला एवढं करायला सांगा. मोबाईलवर बातम्यांचं अ‍ॅप नको, पेपरची ई-पेपरची साईट उघडून अमरावती जिल्ह्याचं पान लावायचं, मोबाईल आडवा धरायचा, दोन बोटांनी पान मोठं करायचं, त्यात नाच-गाणे मधे येत नाहीत. अन् रोज संध्याकाळी एक बातमी त्यानं तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायची. तो अडखळंल तिथं तुम्ही त्याला थांबवा अन् शब्द नीट म्हणायला लावा.

यादी झाली की मला कळवा. धारणीकडं गठ्ठे कोणत्या गाडीनं येतात हे मी जुन्या ओळखीतून विचारून ठेवतो, पुढच्या अंकाच्या आत तुम्हाला पत्र टाकतो.